तीन मिडबास स्पीकर आणि एक दरवाजा : निवडीचे एक प्रकरण

गाडी मध्यम आकाराची, चार दारांची सेडान होती आणि तिच्यातील ध्वनियंत्रणा अगदीच नवख्या हाताने उभी केलेली नव्हती. समोरच्या काचेलगतच्या खांबांवर उंच सुरांचे ट्विटर, डॅशबोर्डच्या दोन्ही कोपऱ्यांत मधल्या सुरांचे 3 इंची मिडरेंज, पुढच्या दारांत त्याखालच्या सुरांचे साडेसहा इंची मिडबास आणि डिकीत सर्वांत खालच्या सुरांसाठी बंद खोक्यातला 10 इंची सबवूफर अशी रचना होती. प्रत्येक स्पीकरला ॲम्प्लिफायरचा स्वतंत्र चॅनेल होता आणि त्या सर्वांच्या आधी, कोणत्या स्पीकरला कोणते सूर, किती पातळीने आणि किती विलंबाने द्यायचे हे ठरवणारा डिजिटल सिग्नल प्रोसेसर होता. मालकांची तक्रार मात्र एकच होती: "ड्रमचा ठोका समोर ऐकू यायला हवा, तो डिकीतून येतो." दारांतील स्पीकर बदलायचे हे त्यांनी ठरवूनच टाकले होते. तीन स्पीकरांची तांत्रिक पत्रके त्यांनी सोबत आणली होती आणि त्यांपैकी कोणता घ्यावा एवढेच त्यांना माझ्याकडून हवे होते.

तक्रारीचे मूळ

प्रोसेसरमधील मांडणी पाहताच ठोका मागून का येतो याचा उलगडा झाला. सबवूफरला 110 हर्ट्झपर्यंत वाजू दिले होते आणि त्यावरचे सूर दाबणाऱ्या फिल्टरचा उतार प्रत्येक सप्तकाला, म्हणजे वारंवारता दुप्पट होते तेव्हा, 12 डेसिबल एवढाच होता. याचा अर्थ 220 हर्ट्झलाही सबवूफरचा आवाज जेमतेम 12 ते 14 डेसिबलनेच खाली आलेला होता. साधारणपणे 80 हर्ट्झच्या वर गेले की आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला हळूहळू कळू लागते, आणि ड्रमच्या ठोक्याचा भरीवपणा नेमका त्याच्या आसपासच्या पट्ट्यात असतो. त्या ठोक्याची टोकदार कड, जी काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते, समोरून येत होती आणि त्याचे अंग मागून येत होते. एकच वाद्य असे दोन ठिकाणी फाटले होते.

सबवूफरचा फिल्टर 70 हर्ट्झवर का आणत नाही, असे मी विचारले. तसे केले की मधला भाग पोकळ होतो, असे मालकांनी सांगितले आणि लगेच ऐकवूनही दाखवले. त्यांचे निरीक्षण अचूक होते. दारांतील स्पीकर 150 हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच देत नव्हते. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष, म्हणजे स्पीकर कमकुवत आहेत, मला पटला नाही. निदान तो तपासल्याशिवाय मान्य करण्याची माझी तयारी नव्हती.

आधी दरवाजा

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लहरी एकत्र आल्या तर एकमेकींना खोडतात. 100 हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 3.4 मीटर असते, त्यामुळे स्पीकरच्या मागून निघून 20 ते 30 सेंटिमीटरवरच्या भोकातून केबिनमध्ये येणारी मागची लहर पुढच्या लहरीच्या जवळजवळ पूर्णपणे उलट कलेत, म्हणजे एकीचा चढ तेथे दुसरीचा उतार अशी, असते. दाराचे आतले आवरण काढल्यावर पत्र्यात दोन मोठी भोके दिसली. काचेची यंत्रणा बसवता यावी म्हणून कारखान्यातच ठेवलेली ही भोके केवळ पातळ प्लॅस्टिकच्या कागदाने झाकलेली होती. पाणी अडवण्यापुरता तो कागद चांगला असतो, पण आवाजाला तो मुळीच अडवत नाही.

नवे काही विकत घेण्यापूर्वी एका दारावर प्रयोग करावा, असे मी सुचवले. भोकांच्या आकाराचे 1 मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमचे पत्रे कापून स्क्रूने बसवले, त्यांच्या कडा ब्युटाइलच्या चिकट पट्टीने बंद केल्या आणि दाराच्या बाहेरच्या पत्र्याच्या साधारण एक तृतीयांश भागावर ॲल्युमिनियमचा थर असलेले ब्युटाइलचे तुकडे दाबून लावले. संपूर्ण पत्रा मढवण्याची हौस अनेकांना असते, परंतु पत्र्याचा झणत्कार मोडायला मधल्या मोकळ्या भागावर थोडे वजन पुरते. पुढचे बरेचसे नुसते ओझे होते. दाराच्या तळाशी पाणी जाण्याची छिद्रे असतात. ती उघडीच राहतील याची काळजी घेतली. आवाजासाठी ती बुजवली तर काही पावसाळ्यांतच दार आतून गंजते, आणि त्या छिद्रांतून होणारी गळती तशीही क्षुल्लक असते.

चालकाच्या डोक्याच्या जागी मायक्रोफोन धरून, तोच जुना स्पीकर त्याच पातळीवर वाजवून पुन्हा मोजले. 80 ते 125 हर्ट्झच्या पट्ट्यात सरासरी 5 डेसिबलची वाढ झाली होती. मालक थोडे हिरमुसलेच. बदलायला निघालेल्या वस्तूचा दोष तिचा नव्हता, असे कोणालाच ऐकायला आवडत नाही. तरीही प्रश्न पूर्ण सुटलेला नव्हता. आवाज वाढवला की जुना स्पीकर ठोक्यागणिक फडफडत होता आणि त्याच्या पडद्याची हालचाल मर्यादेपर्यंत गेल्याचे डोळ्यांनाही दिसत होते. म्हणजे बदल आवश्यक होता, पण निवडीची कसोटी आता बदलली होती: 70 ते 300 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात, बऱ्यापैकी बंद झालेल्या दारात, न फडफडता वाजणारा स्पीकर हवा होता.

पत्रकांवरचे आकडे

तीन पर्यायांना अ, ब आणि क म्हणू. मालकांचा जीव 'अ'वर जडला होता. साडेसहा इंची स्पीकर, भलेमोठे चुंबक, पत्रकावर 92 डेसिबलची संवेदनशीलता (ठराविक विद्युत पुरवठ्याला मिळणारा आवाज) आणि ठळक अक्षरांत 600 वॉट. 'ब' हाही साडेसहा इंचीच, दिसायला साधा, संवेदनशीलता 86 डेसिबल आणि कागदावर 120 वॉट. 'क' 8 इंची होता.

पहिली दुरुस्ती संवेदनशीलतेची करावी लागली. 'अ'चा आकडा 2.83 व्होल्टला दिलेला होता आणि 'ब'चा 1 वॉटला. 8 ओहमच्या स्पीकरला 2.83 व्होल्ट म्हणजे 1 वॉटच होतो, परंतु गाडीतील 4 ओहमच्या स्पीकरला तेवढाच व्होल्टेज दिला की 2 वॉट जातात आणि आकडा फुकटात 3 डेसिबलने फुगतो. एकाच मापाने मोजले तर 'अ' 89 आणि 'ब' 86 ठरतो. 6 डेसिबलची दरी निम्मी झाली.

त्यानंतर अनुनादाचे आकडे. नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलेली आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभी विस्तारलेली स्पीकरच्या गुणांकांची पद्धत आजही प्रत्येक पत्रकावर असते. मुक्त हवेतील अनुनाद म्हणजे एफएस, त्या अनुनादाचा एकूण तीक्ष्णपणा म्हणजे क्यूटीएस, आणि स्पीकरच्या लवचीकपणाशी बरोबरी करणाऱ्या हवेचे घनफळ म्हणजे व्हीएएस. 'अ'चे आकडे 62 हर्ट्झ, 0.34 आणि 14 लिटर होते. 'ब'चे 56 हर्ट्झ, 0.58 आणि 16 लिटर. दाराच्या पोकळीचे घनफळ ढोबळमानाने 40 लिटर धरले आणि ती पूर्ण बंद आहे असे मानले, तर दोन्ही स्पीकरांचा अनुनाद वर सरकतो आणि त्याचा तीक्ष्णपणा, म्हणजे क्यूही, त्याच प्रमाणात वाढतो. 'ब' 66 हर्ट्झ आणि 0.69 वर जातो, 'अ' 72 हर्ट्झ आणि 0.40 वर. दरवाजा कधीच पूर्ण बंद नसतो, त्यामुळे खरे आकडे या आणि मुक्त हवेतील आकड्यांच्या दरम्यान कुठेतरी असणार, हे गृहीतच होते.

या गणितानुसार 80 हर्ट्झला 'ब' त्याच्या स्वतःच्या मधल्या पातळीपेक्षा 2 डेसिबलहून किंचित कमी घसरतो, तर 'अ' 7 डेसिबलहून अधिक. कमी क्यूटीएसचा स्पीकर दारात लावूच नये, असा सल्ला सर्रास दिला जातो तो यावरूनच. मला तो सल्ला अर्धवट वाटतो. ताकदवान चुंबकाचा स्पीकर खालचा आवाज फारसा कमी करत नाही, तो मुख्यतः वरचा आवाज वाढवतो, आणि वरचा भाग प्रोसेसरमधील इक्वलायझरने, म्हणजे वेगवेगळ्या सुरांची पातळी स्वतंत्रपणे बदलणाऱ्या सोयीने, उतरवला की दोघांचा आलेख एकसारखा करता येतो. केवळ क्यूटीएस पाहून 'अ'ला बाद करणे अन्यायाचे झाले असते.

'अ'ला बाद केले ते पत्रकाच्या तळाशी, बारीक अक्षरांत असलेल्या एका आकड्याने. एक्समॅक्स, म्हणजे पडद्याची एका बाजूकडील विकृतीविना होणारी हालचाल, 'अ'साठी 3 मिलिमीटर होती आणि 'ब'साठी 5.5. खालच्या सुरांत आवाज किती मोठा होईल हे शेवटी पडदा किती हवा ढकलतो यावर अवलंबून असते. पडद्याचे क्षेत्रफळ गुणिले हालचाल एवढाच तो हिशेब आहे. त्यातही एक सप्तक खाली उतरले की तेवढ्याच आवाजासाठी चौपट हालचाल लागते. दोघांचे क्षेत्रफळ 133 ते 135 चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळपास सारखेच. 80 हर्ट्झला, 1 मीटर अंतरावर आणि एका बाजूने भिंत असल्याप्रमाणे मोकळ्या जागेत 'ब' आपल्या हालचालीच्या मर्यादेपर्यंत सुमारे 102 डेसिबल देऊ शकतो. 'अ' सुमारे 97 वरच थांबतो. तेथे पोहोचायला 'ब'ला साधारण 60 वॉट लागतात, तर 'अ' 30 वॉटच्या आसपासच मर्यादा गाठतो. पत्रकावरचे 600 वॉट त्यापुढे कोणत्या कामाचे, हा प्रश्न मी मालकांना विचारला नाही. हा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवला. 'अ' वाईट स्पीकर नाही. 150 हर्ट्झच्या वर, मोठ्या आवाजात आणि कमी वॉटमध्ये वाजवायचा असता तर मी तोच घेतला असता.

'क'बाबत थोडा गोंधळ झाला. त्याच्या पत्रकावर हालचाल 10 मिलिमीटर लिहिलेली होती, परंतु शेजारच्या आकृतीवरून ती दोन्ही बाजूंची मिळून असल्याचे दिसले. म्हणजे एका बाजूची 5. तरीही 215 चौरस सेंटिमीटरच्या पडद्यामुळे तो 'ब'पेक्षा 3 डेसिबल पुढे होता. मोठा पडदा वरच्या सुरांत आवाज एका दिशेने फेकू लागतो हा आक्षेप येथे लागू नव्हता, कारण 8 इंची पडद्यात तो परिणाम सुमारे 650 हर्ट्झपासून सुरू होतो आणि आम्हाला त्याला 300 हर्ट्झवरच थांबवायचे होते. माझी पसंती 'क'लाच होती आणि तसे मी मालकांना सांगूनही टाकले.

काच

तो सल्ला मला दोन दिवसांत मागे घ्यावा लागला. काच पूर्ण खाली उतरवून मी पट्टीने खोली मोजली होती: पत्र्यापासून काचेपर्यंत 74 मिलिमीटर. 12 मिलिमीटर जाडीची रिंग स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये घातली की 86 मिलिमीटर मिळतात आणि 'क'ची खोली 82 होती. चार मिलिमीटरची मोकळीक मला पुरेशी वाटली. रिंग कापायला देण्यापूर्वी, केवळ सवयीने, स्पीकरच्या आकाराच्या पुठ्ठ्याच्या साच्यामागे खेळण्यातल्या मातीचा गोळा चिकटवला आणि काच अगदी सावकाश वरखाली केली. बाहेर काढला तेव्हा गोळ्यावर घासल्याची खूण होती आणि त्यावरून खरी मोकळी खोली 68 मिलिमीटरच निघाली. दाराची काच सपाट नसते. ती वक्र असते आणि वक्र मार्गानेच उतरते, त्यामुळे या गाडीत ती स्पीकरच्या सर्वांत जवळ येत होती ती तळाशी नव्हे, तर दोन तृतीयांश खाली असताना. 68 आणि 12 मिळून 80. 'क' दोन मिलिमीटरने अडला असता आणि ते बहुधा काच तडकल्यावरच कळले असते.

रिंग 20 मिलिमीटरची केली असती तर 'क' बसला असता, परंतु मग स्पीकर आतल्या आवरणाला टेकला असता आणि आवरण कापावे लागले असते. गाडीचे मूळ आवरण कापायचे नाही ही मालकांची अट होती आणि ती मला रास्त वाटली. 3 डेसिबलसाठी कायमची कापाकापी करण्याइतकी त्यांची ऐकण्याची पातळी मुळात मोठी नव्हती. 'ब'ची खोली 70 मिलिमीटर होती, म्हणजे 10 मिलिमीटरची मोकळीक. निवड अशी झाली.

जोडणी

रिंग लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीची न करता उच्च घनतेच्या पॉलिथिनची केली, कारण दाराच्या आत पाणी येतेच आणि तसली फळी ते पिऊन फुगते. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये तसेच स्पीकर आणि रिंग यांच्यामध्ये मऊ फोमची पट्टी घातली. स्पीकरच्या पुढच्या कडेपासून आवरणाच्या जाळीपर्यंत जाड फोमचे कडे बसवले, जेणेकरून आवाज आवरणाच्या मागे न पसरता सरळ जाळीतून बाहेर येईल. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी राहून जाते. पण ती नसेल तर दाराचे आवरणच आतून ढोलासारखे वाजू लागते.

नव्या जोडीचा अनुनाद बसवण्यापूर्वी मोजला, तेव्हा तो 61 हर्ट्झ निघाला. काही तास मध्यम पातळीवर वाजवल्यावर 57 झाला, म्हणजे पत्रकाच्या 56 च्या अगदी जवळ. त्यानंतर 40 ते 250 हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा एकच सूर वाजवत दारे तपासली. चालकाच्या दारात 92 हर्ट्झला कुलपाची सळई पत्र्यावर आपटत होती, तिला कापडी पट्टी गुंडाळली. पलीकडच्या दारात खडखडाट होता तो काचेच्या बटणांच्या पट्टीचा. गाणी लावून असे दोष शोधत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे, कारण गाण्यात नेमका तो सूर कधी येईल याचा भरवसा नसतो.

जुळणी आणि राहिलेली खाच

सबवूफर आणि मिडबास यांची सीमा 70 हर्ट्झवर ठेवली. उतार दोन्हीकडे सप्तकाला 24 डेसिबल आणि फिल्टर लिंकविट्झ-रायली प्रकारचा, ज्यात सीमेवर दोन्ही बाजू 6 डेसिबल खाली असतात आणि कला जुळली तर बेरीज सपाट येते. वरची सीमा 300 हर्ट्झ. चालकाच्या कानापासून त्याच्याच बाजूचा मिडबास पलीकडच्यापेक्षा 40 सेंटिमीटर जवळ होता, म्हणून त्याला 1.17 मिलिसेकंदांचा विलंब दिला. हा विलंब नसता तर दोघांमधील फरक अर्ध्या लहरीएवढा होऊन 430 हर्ट्झच्या आसपास खोडाखोड झाली असती. आमचा पट्टा त्याच्या खालीच संपत होता, तरी ठोका डॅशबोर्डच्या मध्यावर दिसण्यासाठी विलंब आवश्यकच होता.

प्रत्येक दार एकेकटे वाजवले तेव्हा आलेख समाधानकारक होता. दोन्ही एकत्र वाजवले की 120 हर्ट्झच्या आसपास सुमारे 9 डेसिबलची खाच पडत होती. केबिनची आतली रुंदी 1.4 मीटर होती आणि 122 हर्ट्झला त्या रुंदीत बरोबर अर्धी लहर बसते. एकच दार वाजते तेव्हा हा अनुनाद त्या सुराला फुगवतो. दोन्ही दारे एकाच कलेत वाजली की समोरासमोरून निर्माण होणारे हे फुगवटे विरुद्ध चिन्हाचे असल्यामुळे एकमेकांना मिटवतात, आणि जे एकेकटे भरीव वाटत होते ते मिळून पोकळ होते. स्पीकर कोणताही निवडला असता तरी ही खाच पडलीच असती. एका बाजूची ध्रुवता (स्पीकरची धन आणि ऋण टोके) उलटी करून पाहिली: खाच भरली, पण 80 हर्ट्झचा पाया ढासळला आणि ठोक्याची जागा पुसली गेली. इक्वलायझरने 9 डेसिबल चढवण्याचा मोह मालकांना झाला होता. त्यासाठी आठपट शक्ती आणि जवळपास तिप्पट हालचाल लागते, आणि दोन्ही दारांना सारखेच चढवले तर खोडाखोडही तेवढीच चढते. स्पीकर राबतो आणि कानाला फारसे काही मिळत नाही. तो चढ मी दिला नाही.

अखेरीस सबवूफरची पातळी मालकांनी स्वतःच ऐकत ऐकत 5 डेसिबलने खाली आणली. ठोका आता काचेच्या पलीकडे, बोनेटच्या सुरुवातीला ऐकू येतो आणि सबवूफर वाजतो आहे की नाही हे तो बंद केल्यावरच कळते. महिन्याभराने मालकांनी विचारले की एका गाण्यात बास गिटारचा एकच सूर का दबतो, बाकीचे सारे भरीव असताना. सूर कोणता ते तपासले तर त्याची वारंवारता 123 हर्ट्झ निघाली. गाडी उभी असताना डोके मधल्या बाजूला थोडे झुकवून तोच भाग ऐका, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी तसे केले आणि सूर भरून आला.